टाक्यांचं इंग्रजी

मंगळवार, ३ मार्च

आज परत तेच! स्वयंपाकघरात सराव म्हणून डुकराच्या पायाला टाके घालत इंग्रजी नावं मोठ्याने घोकत होते – सुई, चिमटा, विरघळणारा धागा, बधिर करायचं इंजेक्शन. इस्मेनिया मागे येऊन उभी. ‘वहिनी, याला काय म्हणतात? आणि त्याला?’

कोंबड्यांच्या कारखान्यात सुरी चालवणाऱ्या बाईला कशाला हव्यात या चौकशा? तिकडे मायदेशी, एल साल्वादोरला असताना नर्स मी होते, ही नाही! विचारलं तर म्हणते, ‘असंच गं, सहज.’ माझी नणंद सहज काही करत नाही.

टाके काढून पाय रस्स्यात टाकला. चांगला झाला होता.

गुरुवार, ५ मार्च

कळलं! दवाखान्याला स्पॅनिश येणारी एकच मदतनीस हवी आहे, ती जाहिरात चर्चच्या फळ्यावर इस्मेनियाही वाचत होती. शेजारच्या सोइलाने डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे माझ्याकडूनच शिकायचं आणि माझीच जागा पळवायची!

नवऱ्याला सांगितलं. ‘तुझ्या डोक्यात नुसता किडा वळवळतोय,’ म्हणाला. अबुंदियो बहिणीचीच बाजू घेणार.

रविवार, ८ मार्च

आता न्हाणीघरात पाठ करते. कडी लावून, नळ सोडून. बाहेर पाऊल वाजलं. तीच असणार!

मंगळवार, १० मार्च

जेवताना, तोंडात पुपुसा भाकरीचा घास असतानाच : ‘वहिनी, “थांबा, अजून बधिर झालं नाही, दुखतंय” हे कसं सांगायचं?’

हे तर पेशंटचं वाक्य! शुक्रवारी दवाखान्यात जागेसाठी तोंडी परीक्षा आहे, त्यात एकीने पेशंट व्हायचंय, हे हिला कुणी सांगितलं?

‘मला नाही ठाऊक,’ म्हटलं. चक्क खोटं.

‘अगं, कारखान्यात आमच्या कापायच्या लाइनीवर सगळ्याजणी –’

‘मग लाइनीवरच विचार ना!’

उठून भांडी घासायला गेली. बरं वाटलं मला. अगदी बरं.

शुक्रवार, १३ मार्च

परीक्षा झक्क झाली! परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुम्हालाच का घ्यावं? म्हटलं, आमची माणसं डॉक्टरला उलट बोलत नाहीत. काही कळलं नाही तरी मान डोलावून ‘येस, येस’ म्हणतात. उलट विचारणं उद्धटपणाचं वाटू नये म्हणून. मला ते चेहऱ्यावरून कळतं. बाई खूश.

इस्मेनिया आलीच नव्हती. यादीतही नाव नाही म्हणे. अबुंदियो म्हणतो, ‘ती जाहिरात तिनेच मला सांगितली, वहिनीला सांग म्हणून.’ असेलही. बहिणीसाठी हा काहीही बोलेल.

सोमवार, १६ मार्च

नोकरी मला लागली.

आज लाइनीवर इस्मेनियाचा तळहात कापला. कारखान्याच्या डॉक्टरने बधिर करायची सुई टोचली, काहीतरी विचारलं. ही म्हणाली, ‘येस, येस.’ त्याने लगेच शिवायला घेतलं. सगळे टाके तिला जाणवले. ‘ओरडले नाही मी, वहिनी,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘बाकीच्या बायकांना तरी शिकवशील का तेवढं वाक्य?’