इंजिनघराच्या दारावरचे दोन रूळ

मी, विठ्ठलराव भुजंगराव आपेट, राहणार घाटनांदूर, तालुका मोमिनाबाद, जिल्हा बीड, छातीच्या दुखण्याने खाटेवर असलो तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मिळकत सर्व स्वकष्टार्जित आहे. घाई एवढ्यासाठी की इंजिनघराकडून छिन्नीचा आवाज आल्याचा मला सारखा भास होतो आणि दर वेळी माणूस पाठवून खात्री करावी लागते.

कलम १. मळा, विहीर व जिनिंगची यंत्रे चिरंजीव राधाकिशन यास द्यावीत. जिनिंगपासून स्टेशनापर्यंत कापसाचे गठ्ठे नेणारी आमची अरुंद रुळांची गाडी लॉऱ्या आल्यावर बंद पडली. इंजिन मोडीत गेले. जमिनीवरचे रूळ उरलेत, तेही त्याचेच. खुशाल विकावेत.

कलम २. इंजिनघर मात्र माझी विधवा कन्या शिवकन्या हिचे. ती मुलांसह तिथेच राहते. दारावरच्या भिंतीत आडवे घातलेले दोन रूळ इमारतीचा भाग आहेत. ते कोणीही काढू नयेत.

कारण लिहिणे भाग आहे. इंजिन पेट्यांतून सुटे होऊन आले. दसऱ्याची पूजा नव्या इंजिनघरातच व्हावी असा माझा हट्ट, म्हणून उत्तरेश्वर गवंडी यांनी नुसत्या धडावरून दाराचे माप घेतले. धुराडे दुसऱ्या पेटीत होते. ते दसऱ्याच्या सकाळी चढवले, माळा घातल्या, आणि इंजिन कमानीला अडले. पूजा उन्हात झाली. पुढे कमान फोडून वरची सगळी भिंत त्या दोन रुळांवर तोलली. उत्तरेश्वर अजून म्हणतात, "मालक, म्या माप बराबरच घेतलं व्हतं. धुराडं कावून लपवलं तुमी?" हा आरोप मला मान्य नाही.

राधाकिशनला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, रूळ जमिनीवर असतो. भितीत घालून गाडी काय आभाळातून न्यायची हाय?" आणि मोडवाल्याला दार दाखवायला घेऊन गेला. शिवकन्येने त्याला विचारले, "दादा, आमी निजल्यावर काढतूस, का आधी उठवतूस?" त्याने मोडवाल्याला रुळांची लांबी मोजायला सांगितले. ते मोजणे मला झोपू देत नाही.

कलम ३. तरीही राधाकिशनला ते रूळ हवेच असतील, तर आधी शिवकन्येने मुलांना घेऊन त्याच्या मळ्यातल्या घरात जावे, आणि राधाकिशनने बायकोमुलांसह इंजिनघरात बिऱ्हाड थाटावे. मग दारावर छिन्नी लावावी.

वाचून पाहिले, बरोबर आहे. सही केली.

विठ्ठलराव भुजंगराव आपेट
घाटनांदूर, ७ दै, फसली १३४४ (नोव्हेंबर १९३४)

साक्षीदार:
१. सुग्रीव, पूर्वी गाडीवर ड्रायव्हर. सही.
२. उत्तरेश्वर गवंडी. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचेच शब्द लिहिले: "मजकूर ऐकला. धुराड्याचा मान्य न्हाई. रूळ काढले तर भित ऱ्हात न्हाई, तेवढ्यापुरता माझा अंगठा."