दोन वेण्या

॥ श्री ॥
मानक नगर, लखनौ
२० जुलै १९७८

प्रिय चारूस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.
तुमची गाडी सुटली तेव्हा तुझी नीला स्टेशनवर रडली नाही. घरी येऊन रडली. आता ठीक आहे. बदलीचे हुकूम काढणाऱ्यांना मुलींची दहावी दिसत नाही. त्यात माझं मात्र फावलं, तुझ्यापासून काय लपवू? लग्नापासून आमच्याकडे दोघांचीच ताटं. आता सकाळी मी तिच्या दोन वेण्या घालते, शाळेच्या नियमाप्रमाणे लाल रिबिनी लावून वर दुमडलेल्या. मी मराठीत बोलते, ती हाँ मौसी, अच्छा मौसी करत हिंदीतच उत्तर देते. तुझा दूधवाला भैया अजून इमानेइतबारे पाणी घालतो.
लोभ आहेच, नव्या गावात तो विसरू नकोस.
तुझी,
पद्मा

सिकंदराबाद
५ ऑगस्ट १९७८

प्रिय पद्मास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.
वेण्यांचं वाचून बरं वाटलं आणि खरं सांगू, जरा टोचलंही. पद्मामौसी केस ओढत नाही, असं नीलानं मला मुद्दाम कळवलंय. म्हणजे मी ओढायची! कर लाड, पण डोक्यावर बसवू नकोस. माझी अट एकच: तिला काहीही झालं तरी मला लगेच कळव.
नरहरभावजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी,
चारू

सिकंदराबाद
२४ जानेवारी १९७९

पद्मा, नमस्कार.
काल नीलाचं पत्र आलं, नेहमीसारखं हिंदीत. लिहिते, गन्ने के रस से अब जी भर गया. ऐन थंडीत पोरीला रोज उसाचा रस कशासाठी पाजतात, हे मला कळणार नाही असं वाटलं तुला? कावीळ झाली ना तिला? तुझ्या संक्रांतीच्या पत्रात चौकातून घेतलेल्या चिकनच्या भरतकामाच्या कुर्त्याचं पानभर वर्णन होतं, आजाराची एक ओळ नव्हती. पोटची पोर तुझ्या भरवशावर ठेवली आणि तू मलाच परकी केलंस. एक तार करवली नाही? रिझर्वेशन मिळालं की येऊन तिला घेऊन जाते. परीक्षा बुडाली तर बुडाली.
लोभाचं पुढे पाहू.
चारुलता

मानक नगर, लखनौ
३१ जानेवारी १९७९

प्रिय चारूस,
सप्रेम नमस्कार.
कावीळच होती. आता डोळे स्वच्छ झालेत, डॉक्टरांनी शाळेला जायला सांगितलंय.
तुला काळजी नको म्हणून कळवलं नाही, असं लिहिलं आणि कागद फाडला. ते खोटं आहे. तापात ती मौसी म्हणत नव्हती. आई गं, आई गं करत होती. इतके महिने मी मराठीत बोलले, आणि तिच्या तोंडी मराठी आली ती तुझ्यासाठी. मला हेवा वाटला, चारू. तार केली असती तर तू आली असतीस आणि मी पुन्हा नुसती शेजारीण झाले असते. हे तार करू म्हणत होते, मीच अडवलं.
राग माझ्यावर काढ, पण तिचं वर्ष घालवू नकोस. तेलीबागेतल्या गयाबाईंची अरुणा तिच्याच वर्गात आहे. परीक्षेपर्यंत नीलाला ठेवून घ्यायला त्या तयार आहेत. तू कळव, मी पोचवते.
लोभ असावा म्हणायला तोंड नाही. नीलावरचा माझा लोभ तेवढा खोटा समजू नकोस.
तुझी,
पद्मा

सिकंदराबाद
८ फेब्रुवारी १९७९

प्रिय पद्मास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.
तुझं पत्र वाचून रागच आला. पुन्हा वाचलं, पुन्हा आला. तो इतक्यात जायचा नाही, तयारीत राहा. पण काळजी नको म्हणून, असं जर लिहिलं असतंस ना, तर जन्मात तुझं तोंड पाहिलं नसतं.
गयाबाईंना त्रास देऊ नकोस. नीला तुझ्याचकडे राहील. मीही येते, परीक्षा संपेपर्यंत तुझ्याच घरी. ह्यांना खिचडी शिकवली की निघते. आपण खुशाल भांडू, फक्त तिच्या अभ्यासाच्या वेळी नको.
लोभ आहे, रागही आहे. दोन्हींची सोय कर.
तुझी,
चारू

ता. क. सकाळचं आत्ताच ठरवून टाकू. डावी वेणी तू घाल, उजवी मी. तुझी सैल, माझी ओढून. पोर वाकडी दिसेल. दिसू दे.