ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता

पुणे, ता. ८ जानेवारी २०२५

ती. अंबाजीमामा यांस,
राजेश्वरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर मी गियरचं विचारलं आणि तुम्ही म्हणालात, यंदा इंद्रायणी भात चांगला पिकला. शेजारच्या टेबलावरचे सगळे हसले. म्हणून आता पत्रच लिहिते. चाळीस वर्षं इंजिनांना कान लावून तुमचे कान गेले, पण डोकं अजून शाबूत आहे, असं आई म्हणते.

आमच्या ऑफिसात गाड्यांच्या शर्यतीचा गेम बनतो, हे तुम्हाला माहीत आहेच. खेळणारे लोक घरी स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल जोडून बसतात, आणि गाडी खऱ्यासारखी वागली नाही तर आम्हाला झोडपतात. आता आम्ही त्यात जुनी डिझेल जीप घातली आहे, बाबांची होती तशीच. तक्रार अशी आहे की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की जीप मेल्यासारखी होते. चूक माझीच आहे. पाय उचलला की इंजिनाची ताकद शून्य, असं मी लिहून ठेवलंय. खरी जीप तेव्हा काय करते?

बाबांना विचारायची सोय नाही. अकरा वर्षांपूर्वी वडिवळ्याला आपल्या फाटकाशी त्यांची जीप आईच्या पायावर गेली, तेव्हापासून गाडीचं नाव काढलं की ते उठून जातात. लोणावळ्याला एका बंगल्यावर ते माळी आहेत, शनिवारी तेवढे घरी येतात; तिथली झाडं राखण्यात त्यांनी स्वतःला गाडून घेतलंय. आई अजून त्यांच्याशी थेट बोलत नाही. मागच्या खेपेला ते समोर बसलेले असताना मला म्हणाली, तुझ्या बाबांना सांग, भात निवतोय.

उत्तर लवकर लिहा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
राजू

*

कामशेत, ता. १२ जानेवारी

चि. राजूस मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. शून्य कुटनं आनलंस? इंजिन चालू हाय म्हंजे ते खातंय. पाय काढला तरी पंप थोडं थोडं डिझेल सोडतच ऱ्हातो. त्या पंपात एक राखणदार असतो, त्याला गव्हर्नर म्हनत्यात. इंजिन दमायला लागलं की तो आपनहून डिझेल वाढवतो. नुसत्या चालू इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ठेवायचे, त्याला आमी आयडल म्हनतो. त्याचा स्क्रू पंपावर बाहेरूनच असतो.

पयल्या गियरात क्लच हळू सोडला तर जीप पायाबिगर चालती. सपाटीला मानसाच्या चालीनं जाती. चढाला मात्र आयडल किती ठेवलंय त्यावर हाय. साडेसातशे फेरे असले आन मागं पोती असली, तर गुदमरून बंद पडती. तेच अकराशेवर ठेवलं तर तुमच्या फाटकाचा चढसुदिक चढून जाती. पेडलवर पाय लागत न्हाई.

हे नीट लिहून घे आन तुज्या यंत्रात घाल. गुडघे दुखत्यात, बाकी बरं हाय. म्हाताऱ्याची आठवन ठेव, एवढंच मागनं.

तुजा मामा,
अंबाजी

*

पुणे, ता. २६ जानेवारी

ती. मामांस नमस्कार.

काल दुपारी जे पाहिलं ते लिहिते आहे. सावकाश वाचा, पण सगळं वाचा.

तुम्ही सांगितलेला राखणदार मी गेममधल्या जीपमध्ये घातला. तपासायला चढ हवा होता. तुम्ही आपल्या फाटकाचं नाव लिहिलंत म्हणून मागच्या रविवारी घरी गेले तेव्हा तोच चढ मोजून आणला. अपघाताच्या दिवशी होती तेवढी भाताची पोतीही मागे टाकली. आधी साडेसातशे ठेवले, पहिला गियर टाकून क्लच सोडला. जीप गुदमरली आणि जागीच बंद पडली. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा बंद. मग अकराशे ठेवले. जीप जरा दबली, हुंकारली आणि चढली, मामा. दिसायला सावकाश, पण थांबायचं नावच घेईना. माझे दोन्ही पाय खुर्चीखाली फरशीवर होते. मी किंचाळले. सगळे धावत आले.

हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून बाबा चढावर नेहमी हेच करायचे. पहिल्या गियरात क्लच सोडायचा, इंजिन गुदमरवायचं, की जीप उभी. शेकडो वेळा मी मागे बसून पाहिलंय. त्या दिवशी आई फाटक उघडायला उतरली, त्यांनी क्लच सोडला, आणि जीप बंद पडायच्याऐवजी पुढे गेली. इंजिन बंद करायची दोरी ओढेपर्यंत आई खाली होती.

बाबा म्हणाले होते, ॲक्सिलरेटरवर माझा पाय नव्हता. आणि तुम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्या भावकीसमोर म्हणालात की गाडी काही आपोआप चालत नसते, दाजींचाच पाय पडला. मी पंधरा वर्षांची होते, शेजारीच उभी होते. तुम्ही मेकॅनिक. तुमच्यापुढे कोण बोलणार? मीही बाबांवर विश्वास ठेवला नाही.

आता तुम्हीच लिहिता की पायाबिगर चढते. दोन्हीतलं खरं कुठलं, एवढंच कळवा.

राजेश्वरी

*

कामशेत, ता. ४ फेब्रुवारी

चि. राजूस,

आशीर्वाद लिहायचा मला अधिकार न्हाई, म्हनून लिहीत न्हाई.

पत्रातलं खरं हाय. व्हरांड्यात बोललो ते खोटं.

त्या थंडीत जीप सकाळची सारखी बंद पडायची. भाज्याची लेनी बघायला दाजींच्या भाड्याच्या जीपनं जानारी मानसं खोळंबायची. दाजी गाडी माज्याकडं सोडून गेले. मी स्क्रू अर्धा आटा फिरवला, आयडल वाढवलं, आन त्यांना सांगायचं राहून गेलं. खरंच राहून गेलं, राजू, त्यात लबाडी नव्हती. लबाडी पुढं झाली. चौथ्या दिवशी अक्काचा पाय चिरडल्याचं कळालं तवा ऐकल्याबरोबर मला समजलं काय झालं ते. माज्या सख्ख्या बहिनीचा पाय. व्हरांड्यात मला कुनीतरी विचारलं, आन त्वांडातून ते वाक्य निघून गेलं. त्याच सांजला जीप ओढून आनायला म्हनून गेलो आन स्क्रू पयल्यासारखा केला.

मागचं पत्र लिहिलं तवा अकराशेचा आकडा आन फाटक मुद्दाम घातलं. पाकीट तीन दिस खिशात होतं. तू हुशार हायेस, तुला कळनार हे ठावं होतं. मला स्वतःहून सांगायची छाती झाली न्हाई, म्हनून तुज्या हातनं सांगवून घेतलं. ह्येबी भ्याडपनच.

येत्या रविवारी वडिवळ्याला जातो. दोघांच्या समोर सांगतो. तू आधी काय बोलू नको.

अंबाजी

*

वडिवळे, ता. ११ फेब्रुवारी

चि. राजूला आईचा आशीर्वाद.

तू फोन केलास तवा मी बोलले न्हाई. आता लिहिते.

रविवारी सकाळी मी तांदूळ निवडत होते. तुजे बाबा शनवारीच आल्याले. अंबाजी दारात येऊन उभा ऱ्हायला. बस म्हटलं तर बसला न्हाई. तिथनंच बोलाया लागला. त्याला सवताचा आवाज ऐकू येत न्हाई, म्हनून मोठ्यानं वरडून सांगत होता. सारी आळी जमली. तरी तो थांबला न्हाई. शेवटपर्यंत सांगितलं त्यानं.

माज्या हातातलं सूप पडलं. तुजे बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, किती फिरवला होतास? त्याला ऐकू गेलं न्हाई. त्यांनी तीनदा विचारलं. मग अंबाजीनं बोट धरून अर्धा आटा दाखवला. तुजे बाबा त्या बोटाकडं बघतच ऱ्हायले. मला वाटलं आता हात उचलतील. न्हाई उचलला. खाली बसले.

अंबाजी माज्या पायावर डोकं ठेवाया वाकला, त्याच पायावर. मी पाय मागं घेतला. आज जा, म्हटलं. परत कधी यायचं ते मी कळवीन. तो गेला. तो मेला तरी मी जानार न्हाई, असं त्या घडीला वाटलं. आज तसं वाटत न्हाई, पन बरंबी वाटत न्हाई.

मग मी तुज्या बाबांना विचारलं. तुज्याकडनं न्हाई, सरळ त्यांनाच. म्हटलं, तुमी तवाच का न्हाई बोलला? त्यांनी वर बघितलं. म्हनाले, बोललो होतो. तुला उचलताना बोललो, टेंपोत बोललो, दवाखान्यात बोललो.

राजू, मला तिन्ही वेळा ऐकू आलं होतं. मी शुद्धीवर होते. मी भावाचं खरं धरलं, कारन तो भाऊ होता आन त्याला गाड्यांतलं कळत होतं. जलमभर ज्या मानसाच्या शेजारी बसले, त्याचं खोटं धरलं. हे मी अजून त्यांना सांगितलं न्हाई. तुला पयल्यांदा लिहिते हाय.

दुपारी मी त्यांना वाढलं. अकरा वर्सांत बोलायची सवयच मोडल्याली. मी विचारलं, लोनावळ्याला थंडी लय असंल? ते म्हनाले, व्हय, बरीच हाय. मग म्हनाले, रात्रीचं दव पडतं, गुलाबाला चांगलं असतं. तेवढंच झालं.

सोमवारी ते कामावर गेले न्हाईत. आज मंगळवारीबी घरीच हायेत. आत्ता मागं बसून परड्यातलं वांगं खुरपत्यात, आन मी हितं लिहिते हाय.

तू रविवारी येते म्हनलीस. येऊ नको, पोरी. रागावू नको. हा एक आठवडा आमाला दोघांनाच राहू दे.

जीव लावतीस तसा लावत ऱ्हा.

तुजी आई,
शालूबाई