ह्यांच्या फोटोला दात लावल्याबाबत आणि माझ्या घरादाराची वाटणी

मी, धुरपताबाई उदाराम रहांगडाले, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार मुर्री, जिल्हा गोंदिया, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणण्याची कोणाची छातीही नाही. शिक्षण चौथी. अक्षर माझेच. वकिलाने फक्त कलमे पाडून दिली.

कलम १. नहराकडची धानाची जमीन माझ्या नावे आहे. ती मुलगा श्यामलाल आणि मुलगी नूतन यांनी सारखी वाटून घ्यावी. "लेकीले कायले?" असे श्यामलाल एकदा म्हणाला होता. रोवण्याच्या वेळी चिखलात कोण वाकले होते, ते त्याने आठवावे. तो बांधावर बसून दुसऱ्याचे ट्रॅक्टर चिखलात फसल्याचे व्हिडिओ पाहून राहिला होता.

कलम २. घर श्यामलालचे. पितळेची भांडी नूतनची. विळे ज्याला धार लावता येते त्याचे, म्हणजे या घरात कोणाचेच नाहीत. शेजारच्या निर्मलाबाईला द्यावे.

कलम ३. समोरची खोली. तिथे श्यामलालचा पोरगा हिमांशू मोबाईल दुरुस्तीचे दुकान लावून बसतो. हे कलम लांबेल.

हिमांशू रोज सकाळी घरच्या ग्रुपवर जगातल्या गमती टाकतो. सिनेमाच्या पोस्टरवर हिरोला सहा बोटे. भांडी घासणारा रोबोट पहिल्याच ताटलीला उताणा. एक कादंबरी कोणी यंत्राकडून लिहून घेतली, तर शेवटच्या पानावर यंत्राचाच प्रश्न छापून आला, "शेवट आणखी दुःखी करून देऊ का?" लिहून घेणाऱ्याने वाचली नाही, छापणाऱ्यानेही नाही. त्यावर मी हसली, खोटे कायले सांगू. ती गंमत सोळा जणांना पुढे पाठवलीही.

मग एके दिवशी सहा बोटांच्या हिरोच्या खाली आमचे हे आले. ह्यांचा एकच फोटो होता, मंडईच्या जत्रेला गेलो तेव्हा गोंदियाच्या स्टुडिओत काढलेला. तो मोबाईलात हलून राहिला होता. डोळे मिचकावले आणि तोंड भरून हसले. बत्तीस दात.

ह्यांचे समोरचे दोन दात बैलाने पाडले होते, आमच्या लग्नाच्या आधी. तेव्हापासून हा माणूस ओठ मिटून जगला. हसू आले तर दुपट्टा तोंडावर घ्यायचा.

"काऊन रे, हे कोणाचे दात लावले?"

"आजी, म्या नाई लावले. एआयनं लावले."

"मग त्याले सांग, काढ."

"तसं नाई होत आजी. पाह्य ना, आजा किती खुश दिसून रायला."

त्याने तो व्हिडिओ आपल्या पेजवरही टाकला, खाली गाणे लावून. श्यामलाल कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जेवायला गेला, तर तिथला पोऱ्या म्हणाला, "भैया, ये हंसनेवाला बुढ़ा देखा क्या?" श्यामलाल आपल्या बापाला ओळखतो म्हणालाच नाही. नंतर हिमांशूने दातवाला फोटो मोठा करून भिंतीवरच्या फ्रेममध्ये बसवला, आणि खरा माझ्या पेटीत आला. आता मी डोळे मिटते तर मलाही दातच दिसतात. माझा राग तो हा.

नूतनला म्हटले, तू तरी बोल. ती म्हणाली, "माय, बाबा माह्या लग्नातबी हसले नाई. एकडाव पाहू दे ना." तिने आपल्या मोबाईलात पाहावे. भिंतीवर मात्र खराच फोटो लागेल. हिमांशूने तो स्वतः लावावा आणि पेजवरून व्हिडिओ काढावा, तर खोली त्याची. नाही तर खोलीही नूतनची.

कलम ४. माझा चेहरा. दिवाळीला हिमांशूने ग्रुपवर माझा फोटो बोलता केला. आवाज असा की जशी साखर खाऊन बसली आहे. "जुनं सगळं विसरून जाऊ, गोडीनं राहू." मी जन्मात असे बोलली नाही. पण माझी जाऊ सुमित्राबाईने ते खरे धरले. तिच्या लेकीच्या, चंदाच्या लग्नात तिने माझा भात शिजवायचा मोठा गंज नेला होता, तो परत आलाच नाही. चंदाला आता नातू झाला. ती फराळ घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, तू मन मोठं केलं. गंजाचं आता बोलणं नको. तूच तर मोबाईलात म्हणाली."

मी फराळ ठेवून घेतला. गंज परत आणावा.

मी मेल्यावर माझा फोटो हलवू नये, हसवू नये, बोलवू नये. तेरवीला तर बिलकुल नाही. हिमांशूने हे मोडले तर कलम ३ प्रमाणे खोली गेली समजावी. ज्याला माझा आवाज ऐकायचा असेल त्याने आता यावे. सकाळी मी अंगणातच असते, आणि शिव्या ताज्या देते.

कलम ५. हे लिहून झाल्यावर वकील म्हणाले, "आजी, सही करतानाचा व्हिडिओ काढून ठेवू. उद्या कोणी कोर्टात गेलं तर कामी येईल."

मी म्हटले, "वकीलसाहेब, माझा फोटो एका दिवाळीत गंज माफ करून बसला. पुढच्या दिवाळीत सारी जमीन देऊन टाकेल. मग तुम्ही कोणती धुरपता खरी मानाल?"

वकिलांनी मोबाईल खिशात ठेवला.

"दोन जिती माणसं बोलवा," मी म्हटले. म्हणून व्हिडिओ नाही. यापुढे माझ्या तोंडून कुठल्याही मोबाईलात काहीही निघाले, तर ते माझे नव्हे. माझे म्हणणे या कागदावर आहे, तेवढेच.

ठिकाण: मुर्री
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: धुरपताबाई उदाराम रहांगडाले

साक्षीदार:
१. निर्मलाबाई बिसेन, शेजारीण
२. रामलाल पटले, मुर्री

आम्ही दोघे लिहून देतो की धुरपताबाईने आमच्यासमोर बसून सही केली आणि आम्ही ती डोळ्यांनी पाहिली. मध्येच पेन बंद पडला, तेव्हा बाई जे बोलली तेही आम्ही कानांनी ऐकले. ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण बाई तीच होती, यात शंका नाही.