नारळ कुठल्या खर्चात

पाली,
दि. १४ मे २०२४

चि. सौ. राजश्रीस, भाऊचे अनेक आशीर्वाद.

सकाळी एसटीने रत्नागिरीला गेलो. करसल्लागाराकडे बसलो. दुपारी परत आलो, जेवलो. ऊन फार होतं.

फोनवर मी हं आणि बरं यापलीकडे जात नाही, अशी तुझी तक्रार असते, म्हणून लिहितो.

आप्पाला जाऊन दोन महिने झाले. त्याचं गेल्या वर्षाचं विवरणपत्र सख्खा भाऊ आणि वारस म्हणून मला भरायचं आहे. बांधकामावरची झाडं तोडायची कामं तो मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली घ्यायचा. तो ठेकेदार प्रत्येक बिलातून कर कापतो, आणि आपण धंद्याचा खर्च नीट दाखवला तर परत मिळतो. करसल्लागाराकडे मनस्वी नावाची मुलगी हिशेब बघते. तिनं विचारलं, काका, वर्षभरात किती कापले? मी म्हटलं, बरेच माड, थोडे आंबे, दोन फणस. ती म्हणाली, कर, काका, कर! शेजारचा गृहस्थ चहा सांडेपर्यंत हसला. जन्मभर शाळेत कारकुनी केलेला माणूस मी.

दोर, करवतीच्या साखळ्या, पेट्रोल, हेल्मेटं, गड्यांचा विमा, सगळं पटापट लागलं. मग नारळ आले. ती म्हणाली, नारळ देवाधर्मात जातो, धंद्यात नाही. मी कधी कोणाशी वाद घातलेला नाही, पण तिथे घातला. म्हटलं, बुंध्याशी नारळ ठेवून झाडाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे मोठ्यानं त्याची माफी आणि राखण मागितल्याशिवाय, आपला एकही गडी वर चढत नाही, मग हा खर्च कामाचाच की नाही? साहेबांना विचारते म्हणाली. मग सहज विचारलं, गाऱ्हाणं कोण घालतं? आप्पा, मी म्हटलं. आणि आता? मी पिशवी उचलली आणि स्टँड गाठला.

खरी अडचण तीच आहे. येत्या सोमवारी साइटवरचा मोठा आंबा उतरवायचा आहे. नव्या इमारतीला चिकटून उभा आहे, तेव्हा वर चढून एकेक फांदी दोराने खाली सोडावी लागणार. नितेश आणि बाकीचे गडी म्हणतात, घरच्या माणसानं गाऱ्हाणं घातलं तर आम्ही आहोत, नाहीतर कोल्हापूरच्या ठेकेदाराकडे जातो. आप्पानं जमवलेली टोळी माझ्या तोंडाला कुलूप आहे म्हणून मोडणार. पोटठेकेदारातलं पोट तेवढं माझ्याकडे आहे, ठेकेदार गेला.

मुलांना आशीर्वाद. आठवण ठेवतेस तशी ठेव.

तुझा भाऊ,
हरिश्चंद्र


मुरुड,
दि. १७ मे २०२४

ती. भाऊस, राजश्रीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले. का हसतेस म्हणून हे विचारायला आले, तोवर रडत होते.

एक सांगते, कोणाला बोलू नकोस. आप्पाला गाऱ्हाणं धड येत नव्हतं. शब्द विसरला की तो खोकायचा, आणि गडी व्हय म्हाराजा म्हणून त्याला सोडवायचे. एकदा तर त्यानं एका फणसाकडे माझ्या लग्नाचंही मागून घेतलं. आमचे हे त्या फणसाचंच फळ, वरून बघितलंस तर पटेल.

शाळेत तुला कविता म्हणायला उभं केलं की तू हजर म्हणून खाली बसायचास. तेव्हा गोड बोलायला जाऊ नकोस. येतं ते बोल. आणि त्या मुलीला सांग, नारळ देवाधर्मात जात असेल, पण फोडून खातात आपले गडीच. त्यांच्या खाण्याच्या खर्चात लाव म्हणावं.

वेळेवर जेव. माझ्यावरची माया आहे तेवढी पुरे, फक्त पत्रं जास्त येऊ देत.

तुझी,
राजश्री


पाली,
दि. २१ मे २०२४

चि. सौ. राजश्रीस, अनेक आशीर्वाद.

काल आंबा उतरला. कोणाला काही लागलं नाही.

नारळ ठेवला, हात जोडले, आणि डोकं कोरं. गडी हेल्मेटं काढून उभे. सिमेंट कालवणारेसुद्धा थांबले. येतं ते बोल, असं तू लिहिलं होतंस. मला अर्ज येतात. माझ्या तोंडून निघालं, महोदय, विषय, सदर आंबा तोडण्यास परवानगी मिळणेबाबत. नितेशनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सगळे ओरडले, व्हय म्हाराजा! मग मला थांबता येईना. वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, आपण आजवर फळ आणि सावली दिलीत, त्याबद्दल आभारी आहोत. व्हय म्हाराजा! आपल्या अंगावर चढणाऱ्या या पोरांना सुखरूप खाली पाठवावे. व्हय म्हाराजा! कै. आप्पा यांच्या पश्चात हे काम अर्जदाराकडे आले आहे, एवढं म्हटलं आणि आवाज गेला.

मला खोकताही आलं नाही. मग नितेश हळूच व्हय म्हाराजा म्हणाला आणि दोर घेऊन चढला. आपला विश्वासू म्हणायचं राहिलं, तेवढीच अब्रू वाचली.

नारळ गड्यांच्या खाण्यात बसला. मनस्वीनं फोन करून कळवलं. मी हं म्हटलं.

टोळी राहते आहे. उद्या देवरूखला काम आहे, म्हणून पाचही जण आज रात्री आपल्या पडवीत झोपायला येणार.

तुम्हा सर्वांची खुशाली कळव. माझी चिंता थोडी कमी केलीस तरी चालेल, सगळी सोडू नकोस.

तुझा,
भाऊ

ता. क. नळाला पाणी आलंय. मार्चपासून मी एकच हंडा भरत होतो. आता मोठं पिंप घासून भरून ठेवतो.