रोहूची कणीक श्रीगोंद्याच्या पाहुण्यांना

चि. रंगनाथ यास,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी खाऊन-पिऊन बरी आहेत; तुझा गुडघा कसा आहे ते कळव. (धरणाच्या चिखलात दिवसदिवस बसलास तर गुडघाच काय, आख्खा माणूस रुजेल.) फोनच केला असता, पण मासे बुजतात म्हणून तू तो बंद ठेवतोस. पत्र नात निकिता लिहिते आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. बाकी बोल माझेच.

तर तू दिवाळीला आलास आणि तुझ्या दाजींना गळाचा नाद लावून गेलास. तेव्हापासून हा माणूस प्रवरेच्या डोहावर. रोहू म्हणे खाण्याचा भारी चोखंदळ, त्याला तू सांगितलीस तीच कणीक लागते: गव्हाच्या पिठात शेंगपेंड, गूळ, हिंग, भाजून कुटलेली बडीशेप, वरून तूप. पेंड माझ्या म्हशीची, तूप माझ्या बरणीतलं. (मी चमचाभर घेतलं तर दाजी म्हणणार, मला या वयात पचत नाही.) आधी मूठमूठ डोहात फेकून मासे जमवायचे, मग गोळी गळाला लावून पाण्यावरच्या बुचाकडं बघत बसायचं. बूच बुडालं तरी लगेच ओढायचं नाही, त्याला जरा पळू द्यायचं. एवढा धीर या माणसानं संसारात कधी दाखवला नाही! आणि मासा? एक नाही. डोहातले रोहू पेंड खाऊन एव्हाना दूध द्यायला लागले असतील.

गेल्या रविवारी निकिताला बघायला तुमच्या श्रीगोंद्याहून पाहुणे आले. मुलगा कल्याण, कारखान्यात नोकरीला. सोबत आई केशरबाई. बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा चालत नाही. म्हणून मी दाजींना सकाळीच बजावलं, "गळाचं नाव काढायचं न्हाई, आन् पाहुणं जाईस्तोवर तोंड दावायचं न्हाई." एवढ्या आनंदानं त्यांनी माझं आजवर काहीच ऐकलं नव्हतं. निघाले, आणि जाताना ओट्यावरचा डबा उचलला. चुकीचा. सूनबाईनं गुळाच्या पुऱ्यांसाठी मळलेली कणीक नदीवर गेली आणि नदीची कणीक कढईत.

मला बडीशेपेचा वास आला तोवर केशरबाई तिसऱ्या पुरीवर होत्या. "अशी खुसखुशीत पुरी जन्मात न्हाई खाल्ली," म्हणाल्या. कल्याणनं पहिला घास घेतला, थबकला, माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि गुमान ताट पुसून खाल्लं. जाईपर्यंत शब्द नाही. माझा जीव टांगणीला. माशाचं खाणं पोटात गेलं हे माळकरी बाईला कळलं तर एवढं चांगलं स्थळ गेलंच की! त्यात मागच्या दारानं दाजी आले, हातभर रोहू घेऊन. (पुरीच्या साध्या कणकेला लागला.) मी तो घमेल्याखाली झाकला, तर तो धडाधड शेपटी आपटायला लागला. केशरबाईंनी विचारलं, "काय वाजतंय?" म्हटलं, "रेडकू हाय, द्वाड."

पाहुणे गेले आणि इकडे निकिता रुसली, "आजी, या मुक्यासंगं मी काय बोलू?" ती 'हो' म्हणत नाही, हा माझ्या जिवाला घोर. बाकी क्षेम.

तुझी,
दगडाक्का

ता. क. खरं काम राहिलंच. केशरबाईंनी पुऱ्यांची कृती विचारली. मी म्हटलं, "आमच्या माहेरची हाय, भाऊ रंगनाथला तोंडपाठ." त्या तुझ्याकडं येणार आहेत. पेंडेच्या जागी दाण्याचं कूट सांग. आणि पडवीतले गळ आधी लपव.

पुन्हा ता. क. आत्ताच निकिताच्या मोबाईलवर कल्याणचा निरोप आला: "पुऱ्या रंगनाथमामांच्याच कणकेच्या ना? पहिल्या घासाला ओळखलं. धरणावर मी त्यांच्या शेजारीच बसतो. मी गळ टाकतो हे आईला माहीत नाही, कृपा करून सांगू नका." निकिताचं अक्षर बघ हसून कसं वाकडं आलंय. 'हो' म्हणाली पोरगी!

आणि तू रे? इतका गुणी पोरगा मांडीला मांडी लावून बसतो, आणि बहिणीला एका शब्दानं सांगितलं नाहीस? लग्नात तुझ्या ताटात याच पुऱ्या वाढीन. पेंडेसकट.