आळंदच्या बाईचं नाव

अप्पा, तुमच्या आईचं नाव काय होतं?

एवढंच विचारायचं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी काही विचारलं नाही, कारण जिवंतपणी तुम्हाला विचारून कधी काही मिळालं नाही. आता विचारते, कारण नातीला शाळेत लिहून न्यायचं होतं आणि ते नाव अख्ख्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या एका माणसाला ठाऊक होतं तो तेरा पिढ्यांचे बाप्ये एका दमात म्हणून दाखवायचा आणि स्वतःच्या आईचं नाव तोंडात न घेता मेला. तुमच्या हुशारीबद्दल मला पहिल्यापासून हेच वाटत आलंय. लई होती, पण बिनकामाची. चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहितेय. पुढचं तुम्हीच बंद केलंत, तेव्हा अक्षराला हसू नका. कागद नातीच्या चार्टातला उरलेला आहे, गुलाबी.

नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. तुम्ही बघितली नाही तिला. जावई दुसरीकडं संसार थाटून बसला, लेक पुण्याला कंपनीत जाते, आणि पोरगी माझ्याकडं, तुमच्याच घरात राहते. सहावीला आहे. शाळेत नवी मॅडम आलीय, तिनं काढलं, ‘आपला वारसा, आपली विविधता’. वर्गात सगळ्या जातीधर्माची पोरं आहेत, कुणाच्या घरात कानडी, कुणाच्या घरात लमाणी, तर प्रत्येकानं आपल्या वरच्या चार पिढ्या लिहून आणायच्या, आईकडच्या नाहीतर बापाकडच्या. जोडीनं. बाप्याच्या शेजारी बाई. चौकोन आखायचे, मधून रेघा ओढायच्या, आणि मग घरच्यांना बोलावून सगळ्यांसमोर वाचायचं. मी म्हटलं, शिकवायचं सोडून ही कसली सोंगं? पोरीला अजून भागाकार धड येत नाही आणि निघाल्या पिढ्या मोजायला.

ती चार्ट घेऊन चुलीपुढं बसली. म्हणाली, ‘आज्जी, तुझ्या अप्पांकडनं घेते. तुला सगळी नावं येतात ना?’ येतात म्हणजे काय. भाकरी थापता थापता मी तेराच्या तेरा म्हणून टाकली. तिची पेन्सिल मध्येच थांबली. ‘अगं, एवढी नकोत. आणि हे सगळे बाप्येच झाले की. ह्यांच्या बायका कुठायत?’

मला तुमचा हेळवी आठवला. सुगी झाली की यायचा तो, बैलावर बसून, घंटी वाजवत. लोकांना त्यांच्या पिढ्या सांगत फिरणं हाच त्याचा धंदा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुम्ही ओट्यावर घोंगडं अंथरलंय, पटका बांधलाय, जसा काही कलेक्टर यायचाय. तो अर्धं कानडी अर्धं मराठी सुरात सांगतोय, मूळ पुरुष अमका, त्याचा लेक तमका, त्याचा लेक आणि कोण, आणि तुम्ही डोळे मिटून मान हलवताय. मध्येच कुठंतरी तो अडखळला आणि मी दारातून पुढचं नाव सांगून टाकलं. दरसाल ऐकून पाठ झालं होतं. तो हसला, तुम्ही पण हसलात. ‘पोरगा असतीस तर!’ म्हणालात. त्या आठवड्याच्या बाजारात तुम्ही मला पुडाभर गुडीशेव घेऊन दिली. जन्मात एकदाच. आणि मी एवढी वेडी, शेव खात खात विचारलं, ‘अप्पा, माझं नाव कधी लिहिणार तो?’ तुम्ही म्हणालात, ‘तुझं नाव इथं कशाला? तुझं नाव तुझ्या नवऱ्याच्या घरी.’ मग मी एकुलती एक म्हणून तुम्ही घरजावई आणलात. मी ह्या घराचा उंबरा ओलांडून कुठं नांदायला गेलेच नाही. मग माझं नाव कुठं गेलं अप्पा? वाटेत सांडलं?

त्याच साली हेळव्याला तुम्ही पोतंभर ज्वारी दिलीत आणि वर माझ्या आईचं लुगडं दिलंत. पाडव्याला नेसायचं म्हणून तिनं ठेवलं होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. ‘घराण्याच्या इज्जतीचा सवाल आहे,’ म्हणालात. इज्जत तुमची, लुगडं तिचं.  त्या दिवशी आमटीत तिनं मिठाचा खडा घातला नाही. तुम्ही तशीच ओरपलीत, ढेकर दिलात, तुम्हाला कळलंसुद्धा नाही. मी पुढं काही वर्षं वाट बघत होते की कधीतरी तुमच्या लक्षात येईल. लुगड्याच्या पुढच्याच साली गुरुजी घरी आले, म्हणाले, पोरगी पाठांतराला तेज आहे, पाचवीला घाला. तुम्ही म्हणालात, ‘पाठांतर म्हणजे अक्कल न्हवं, गुरुजी.’ हे कोण बोललं, तर ज्याची सगळी कमाई तेरा नावांचं पाठांतर होती तो.

असो. नातीचं सांगत होते. तुमच्या बापाचं नाव तिनं लिहिलं, शेजारचा चौकोन रिकामा राहिला. तुमची आई माझ्या जन्माआधीच गेलेली. कागदावर ती कुठं नाही, शेत बाप्याच्या नावावर, आणि रेशनकार्ड आलं ते ती गेल्यावर. राहिला हेळवी. त्याचा नातू आता मोटारसायकलवर फिरतो. मागं आला होता तेव्हा माझ्या दारात टेकलाच नाही. ‘ह्या घरात वाचायला कोण न्हाय आता, अक्का,’ म्हणाला आणि शेजारी वळला. मी दारात उभी होते, तरी घर रिकामं. पण कार्ड छापलंय त्यानं, ते टाकून गेला होता. फोन लावला.

‘अप्पांची आई? थांबा हं. हां, आळंद.’

‘आळंद काय?’

‘आळंदची. कर्नाटकातलं आळंद. तिकडली सोयरीक होती.’

‘गाव नको रे बाबा, तिचं नाव सांग.’

‘अक्का, बायकांची नावं आमच्याकडं नसतात. गाव असतं. सोयरीक कळाया पाहिजे ना.’

‘बरं, मग तिच्या सासूचं?’

‘मुरूम.’

‘आणि त्या मुरूमच्या सासूचं?’

‘अफझलपूर. अजून मागं जाऊ? फोनवर सांगायचं वेगळं पडतं बरं का अक्का, फोनपे केलं तरी चालंल.’

‘ठेव फोन,’ म्हटलं.

तुमचं थोर घराणं मला त्या दिवशी नीट कळलं. तेरा बाप्ये आणि तेरा गावं. तुमच्या घरात बायका नांदल्याच नाहीत अप्पा, एसटीचे थांबे नांदले.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी उरलीय, तुमच्या आईला डोळ्यांनी बघितलेली ती एकटीच. गेले तिच्याकडं.

‘मावशी, नातीला शाळेत लिहून न्यायचंय, आमच्या अप्पांच्या आईचं नाव काय वो?’

‘थोरलीचं व्हय? लई कडक बाई. मी नवी नवरी, मला म्हणायची, ए पोरी, शेण नीट काढ, हात झडत्यात काय?’

‘ते खरं, पण नाव काय तिचं?’

‘थोरली.’

‘थोरली ती मागनं झाली. आईबापानं ठेवलेलं नाव?’

म्हातारी बघत बसली, मी जसं काही तिला इंग्रजीत विचारलं होतं. ‘नावानं तिला हाक कोण मारणार गं? नवरा म्हणायचा, ए. तुझा बाप म्हणायचा, अव्वा. आमी सगळ्या थोरली.’ मग बोळक्या तोंडानं हसली. ‘ए लिही म्हणावं पोरीला. लिहायला बी सोपं.’

घरी येताना मला तुमचे शेवटचे दिवस आठवले. सरकारी दवाखान्यात खाटेवर पडलाय, नळ्या लावल्यात, आणि तुम्ही अव्वा, अव्वा करताय. आईला वाटलं पाणी पाहिजे, ती तांब्या घेऊन पुढं झाली, तर तिचा हात झटकलात आणि वर छताकडं बघून पुन्हा अव्वा. तेव्हा मला तुमची कीव आली होती, आता ती पण येत नाही. सगळी जिंदगी बाप्यांचे पाढे म्हटलेत, आणि शेवटी हाक मारायला एकही बाप्या कामाला आला नाही. तेरातला एकसुद्धा. आईला नावानं कोण हाक मारतं, म्हणाल. मला मान्य आहे. पण कधी पावसात दार लावून बसलो असताना, कधी शेंगा फोडताना, सहज म्हणायचं की माझी अव्वा अशी होती, तिचं नाव अमुक. तेवढ्यानं तुमचा पटका खाली पडला नसता.

नातीला म्हटलं, ‘सोड रिकामं. न्हायतर आळंदची म्हणून लिही.’ तिनं पेन्सिल खाली ठेवली. त्या चार्टावर एक चौकोन आधीच रिकामा होता, तिच्या बापाचा. त्याचं नाव ती लिहीत नाही, हजेरीत येतं तेवढं बास झालं म्हणते. मला म्हणाली, ‘आज्जी, एक रिकामा मी ठेवलाय. माझ्या मर्जीनं. दुसरा न्हाय चालायचा. पोरं म्हणतील, हिच्या घरात भोकंच लई.’ रडत नव्हती. रडली असती तर मी खेकसले असते आणि विषय मिटला असता. नुसती माझ्याकडं बघत होती, जसं काही मी लपवून ठेवलंय.

शाळेत जायच्या दिवशी सकाळी ती दप्तर पाठीला लावून, चार्टाची गुंडाळी काखेत धरून चुलीपाशी उभी राहिली. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि एक नाव सांगितलं.

‘आठवलं तुला?’

‘आठवलं.’

‘कसं काय?’

‘आठवलं म्हटलं ना. लिही, न्हायतर उशीर होईल.’

तिथंच उंबऱ्यावर बसून तिनं लिहिलं.

मग शाळेत तो तमाशा. दारातच मॅडम म्हणाली, ‘आज्जी, पारंपरिक वेशात यायचं होतं ना?’ तिच्या अंगावर नऊवारी, ती पण शिवलेली, चेन लावलेली. मी म्हटलं, ‘बाई, मी रोजच पारंपरिक असते. आज तुमची पाळी.’ मागच्या दोघी-तिघी बायका फिसकन हसल्या. मॅडमला काही लागलं नाही, ती मोबाइलवर फोटो काढण्यात दंग. एक लमाणाची पोरगी उठली, आईबाप ऊसतोडीला जातात तिचे. तिनं भावंडांची नावं वाचली आणि प्रत्येकापुढं कारखाना सांगितला, कोण ढोकीच्या फडावर जन्मलं, कोण पार कर्नाटकात. पोरं हसली, ती पण हसली. मॅडम म्हणाली, ‘बाळा, तुमचे सण सांग ना, नाच सांग.’ पोरगी म्हणाली, ‘नाच दिवाळीला असतो मॅडम. तवा आमी फडावर असतो.’ मॅडमनं त्याच्यावर पण टाळ्या वाजवल्या. एक पोरगा म्हणाला, आमचं झाड पणजोबापासनं सुरू, त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तिथनं. ‘आणि त्याच्या आधीचं?’ मॅडमनं विचारलं. ‘आधीचं आम्ही सोडून दिलंय,’ म्हणाला आणि खाली बसला. अख्ख्या वर्गात मला तेवढं एक पटलं. सोडायचं तर असं ठरवून, चारचौघांत सांगून सोडावं. तुमच्यासारखं नुसतं सांडू नये.

मग आमची उठली. बापाच्या चौकोनाशी आली तेव्हा ‘हा रिकामा आहे’ म्हणाली आणि पुढं गेली, खड्डा चुकवून सायकल काढावी तशी. कुणी हसलं नाही. मग नवऱ्याच्या शेजारी माझं नाव आलं. अप्पा, ह्या घराण्याच्या नावांत माझं नाव पहिल्यांदा कुणी मोठ्यानं वाचलं ते शाळेच्या फरशीवर मांडी घालून ऐकलं मी. मग तुमचं, आणि तुमच्या शेजारी आईचं, तुमच्याएवढ्याच अक्षरात. आणि सगळ्यात वर ते. मॅडम म्हणाली, ‘किती गोड जुनं नाव! आता ठेवतच नाही कुणी.’ नातीची मान अशी ताठ झाली, जशी हेळव्यापुढं तुमची व्हायची. मला ते बघवलं नाही, आणि मान वळवताही आली नाही.

चार्ट आता वर्गाच्या भिंतीवर टाचलाय. घरी येताना पोरगी विचारते, ‘कशी होती गं ती?’ मी म्हणते, ‘कडक.’ ‘आणि?’ ‘चिंचेचे आकडे खायची येताजाता.’ ‘म्हणजे माझ्यासारखी!’ ‘तुझ्यासारखीच.’ तेव्हापासून रोज काहीतरी विचारते आणि रोज मला काहीतरी आठवतं.

तर सांगून टाकते. मला काही आठवलं नव्हतं. भाकरीची दुसरी बाजू भाजेपर्यंत जे तोंडात आलं ते दिलं. कडक होती तेवढं म्हातारीचं खरं, बाकी नाव, चिंच, सगळं माझ्या पदरचं. शाळेच्या भिंतीवर खोटं लागलंय आणि मी ते काढणार नाही, पोरीला सांगणार नाही. तुमच्या तेरा खऱ्यांनी तिला बसायला जागा दिली नाही, ह्या एका खोट्यानं दिली.

हा कागद शेंगदाण्याच्या डब्याखाली घालायला बरा आहे, मुंग्या लई झाल्यात. तुम्ही विचाराल, काय नाव ठेवलंस माझ्या अव्वाचं? तुम्ही मला सांगितलं नाही. मी पण तुम्हाला सांगत नाही.